पंखांतलं पाणी

सकाळी आठला मी तिच्या पंखांत पाणी भरलं.
डाव्यात पंचाहत्तर लिटर, उजव्यात तेवढंच;
निळं पिंप, रबरी नळी,
आणि मीटरचा काटा, जो मागच्या उन्हाळ्यापासून थोडं खोटं बोलतो.
जड ग्लायडर पळतो जोरात, चढतो कुंथत.
यागोदा अकरा वर्षांची होती तेव्हा मी तिला हे सांगितलं होतं.
आता ती मला सांगते.

साडेबाराला आकाशातली रेषा उघडली
आणि कुणीच निघालं नाही.
लेश्नोच्या गवतावर मान वर करून आम्ही पाहत होतो:
साठ ग्लायडर एका ढगाखाली घिरट्या घालत,
दारात अडलेल्या पाहुण्यांसारखे,
आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही.
पुढे जाणाऱ्याच्या पाठीवरून मागच्याला हवा वाचता येते,
म्हणून हा सगळा शिष्टाचार.

मी गाडीत. मागे नऊ मीटरचा रिकामा ट्रेलर,
मांडीवर नकाशा, कानाशी रेडिओ.
जमिनीवरच्याने सल्ला द्यायचा नाही, असा इथला नियम.
ऐकायचं फक्त.

तीन वाजता पश्चिमेकडून उन्हावर साय धरली.
आधी पातळ, मग बोटाने उचलता येईल अशी.
ढगांच्या कडा मऊ पडल्या.
वार्ता नदीच्या पुलावरून मला दिसला तो घोळका,
वीसएक जण, आणि एकेकाने सोडलेलं पाणी,
पांढऱ्या शेपट्या,
जमिनीपर्यंत न पोहोचणारा पाऊस.

"झेड सात. नऊशे मीटर."
मग बराच वेळ नुसती खरखर.
"बाबा, ऐकतोयस?"
"ऐकतोय."

बटणावरचा अंगठा मी उचलला.
जिभेवर होतं: सोड पाणी. घोळक्यात राहा.
एक्क्याण्णव साली नोतेचच्या खोऱ्यात
मी सोडलं नव्हतं,
आणि बटाट्याच्या सऱ्यांत शेपटी मोडून बसलो होतो,
एक गाय माझ्याकडे बघत होती.
तेव्हापासून जे मनात आहे त्याला मी अनुभव म्हणतो.

ती एकटी दक्षिणेला वळली.
तिकडे ढग नव्हता.
मोहरी कापून झालेलं करडं रान होतं,
धूळ उडवत चाललेलं एक कापणीयंत्र,
आणि वर चार करकोचे, पंख न हलवता.
"सातशे."
"सहाशे दहा."
मी गाडी बाजूला घेतली.
"सहाशे तीस."
बाईचा आवाज इतका कोरडा असू शकतो,
तिच्या आईचा असायचा, बिलं भरताना.
"सहाशे नव्वद."
बावीस मिनिटं ती त्या करकोच्यांच्या वर्तुळात
दीडशे लिटर पाणी घेऊन चढत राहिली.
मग म्हणाली, "जाते."

समोरून वारा. हलके झालेले
कागदी पिशव्यांसारखे मागे ढकलले जात होते.
अठरा जण एकाच गावाभोवती उतरले, बत्तीस किलोमीटर अलीकडे.
ती चार किलोमीटर अलीकडे.
कालव्यापलीकडे, ओटच्या धसकटांत, चाक शाबूत.

मी पोचलो तेव्हा ब्रोनिस्लावाबाई
तिला शेपू घातलेलं ताक पाजत होत्या
आणि इंजिन कुठे पडलं ते विचारत होत्या.

दिवसात सहावी.
"तिसरी आले असते," यागोदा म्हणाली,
"अजून दोनच फेऱ्या थांबले असते तर."
मग पट्टी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता,
"तू काय केलं असतंस?"

"डावा पंख धर," मी म्हणालो.

तिने टोक धरलं, मी मूळ.
खीळ निघाली, पंख कलला,
आणि झडपेत अडकलेलं घोटभर पाणी
माझ्या बुटात ओघळलं,
जुलैच्या त्या उकाड्यात
वरून आणलेलं, अजून गार.